स्टॅम्प पेपरवर सही झाली म्हणून भरपाई बुडत नाही

प्रश्न घाटंजी तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्याचे थोरले भाऊ, वय 35, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होते. जानेवारी 2025 मध्ये रात्रपाळीत रेच्यात, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, उजवा हात गेला आणि मनगटाच्या थोडा वर कापावा लागला. रोज 450 रुपये मिळत. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, नंतर 60 हजार रुपये दिले आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘माझी आता काही तक्रार नाही, पुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असे लिहून घेतले. आता मालक म्हणतो, तो माझा माणूसच नव्हता. सोबत दुसरा प्रश्न आहे: कामगार न्यायालयात असे दावे आताशा फारसे दिसत नाहीत असे लोक म्हणतात, म्हणजे अपघात कमी झाले, की कायदाच संपला?

मी यवतमाळ-वर्धा भागात हेच दावे चालवतो, म्हणून दोन्ही प्रश्नांचे उत्तर सविस्तर देतो. आधी भावाचे.

तो स्टॅम्प पेपर तुमच्या भावाचा हक्क घालवू शकत नाही. अपघात जानेवारी 2025 चा आहे, म्हणून त्याला 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होतो. त्या कायद्याचे कलम 17 सरळ सांगते की, कामगाराने अपघाताच्या भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार, तो कायदा येण्याआधीचा असो की नंतरचा, जिथवर मालकाची जबाबदारी कमी करतो तिथवर रद्दबातल आहे. मालक-कामगारात रकमेबद्दल समझोता होऊच शकत नाही असे नाही. होऊ शकतो. पण त्याची नोंद भरपाई आयुक्तांकडे (आपल्याकडे बहुधा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश) करून घ्यावी लागते आणि रक्कम अपुरी आहे, फसवून किंवा दबावाने ठरली आहे असे आयुक्तांना वाटले तर ते नोंद नाकारतात. नोंद केलीच नाही तर कलम 29 लागते: मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो आणि आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजावट, आयुक्तांनी वेगळे सांगितल्याशिवाय, त्याला मिळत नाही. म्हणजे तुमच्या 60 हजारांतले फार तर 30 हजार तो वळते करून मागू शकेल. दवाखान्याच्या बिलाची गोष्ट वेगळी. उपचाराचा खर्च ही भरपाई नव्हे, ती मालकाची वेगळी जबाबदारी आहे. ‘दीड लाखाचं बिल मीच भरलं’ हे उत्तर भरपाईतून पैसे कापायला चालत नाही.

हे कागद कसे होतात ते मी अनेक घरांतून ऐकले आहे. माणूस अजून पट्टीत असतो, घरात पैसा नसतो, मुनीम आणि मुकादम दोघे येतात. ‘तू घरचाच माणूस हायस, तुले आमी वाऱ्यावर सोडत नाई, फक्त इथं सही कर. कोर्टात गेलास त पाच वर्सं चकरा मारशीन, हातात काहीच नाई येनार.’ उजवा हात गेलेला, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतात. असा अंगठा दिसला की मी कागद पुढे वाचायच्या आधी तारीख पाहतो. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधीची तारीख असेल, तर दबावाचा पुरावा त्या कागदातच आहे.

आता रक्कम. गावात याबद्दल सगळ्यात जास्त अंधार आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. रोज 450, महिन्याचे 26 दिवस धरले तर 11,700 रुपये. कायद्यात महिन्याच्या पगाराची धरायची मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15 हजार आहे, तिच्या आत हे बसते. कायम अपंगत्वासाठी पगाराचे 60 टक्के धरतात, म्हणजे 7,020. याला वयाच्या गुणकाने गुणायचे. 35 वर्षांना तो 197.06 आहे. आले 13 लाख 83 हजार. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एक हात गेल्याबद्दल कायद्याला जोडलेल्या यादीत, म्हणजे अनुसूचीत, मिळकत-क्षमतेचे नुकसान 60 टक्के दिले आहे, म्हणून किमान 8 लाख 30 हजार. अपघातानंतर महिन्याभरात रक्कम दिली नाही तर त्यावर साधे व्याज दरसाल 12 टक्के, म्हणजे वर्षाला साधारण लाखभर. शिवाय सबळ कारण नसताना टाळले असेल तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. 60 हजारांचा आकडा या हिशेबाशेजारी ठेवून पाहा.

आणि 60 टक्क्यांवरच थांबायचे कारण नाही. अनुसूचीतला आकडा हा किमान आहे. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव यांच्या प्रकरणात एका सुताराचा दावा पाहिला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची मिळकत-क्षमता पूर्ण गेली, हा आयुक्तांचा निष्कर्ष न्यायालयाने कायम केला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही त्याच निकालात आहे. तुमचे भाऊ हातमजुरी करणारे आहेत, शिक्षण बेताचे आहे, उजवा हात गेला आहे. कापूस वेचणे, डवरणे, पोते उचलणे, रेचा चालवणे यातले त्यांना काय करता येईल? हा प्रश्न दाव्यात स्पष्ट मांडा आणि डॉक्टरांची साक्ष घ्या. जिल्हा रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र लागेलच, पण त्यावरची टक्केवारी ही शरीराची असते. न्यायालयाला ठरवायचे असते ते कमाईचे नुकसान. वकिलाने हा फरक नीट मांडला नाही तर लाखो रुपयांचा फटका बसतो.

‘ठेकेदाराचा माणूस’ या बचावाला उत्तर कलम 12 मध्ये आहे. मालकाने आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेक्याने दिले असेल आणि अपघात त्याच्याच आवारात झाला असेल, तर भरपाई मूळ मालकाकडून घेता येते. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा प्रश्न. जिनिंगवाल्याचे नेहमीचे काम रुई-सरकी वेगळी करणे हेच, म्हणून इथे वादाला जागा कमी आहे. दाव्यात मालक, ठेकेदार आणि विमा असेल तर विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. ठेकेदार बहुतेक वेळा दुसऱ्या तालुक्यातला, कधी दुसऱ्या राज्यातला असतो आणि हंगाम संपला की त्याचा फोन लागत नाही. फक्त त्याच्यावर दावा केला तर हातात नुसता हुकूमनामा राहतो.

कुणीतरी तुम्हाला ‘ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) जा’ असेही सांगेल. ईएसआयचे संरक्षण असलेल्या कामगाराला या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही हे खरे. पण ईएसआय कायद्यातून हंगामी कारखाने वगळले आहेत आणि फक्त कापसाचे जिनिंग किंवा गाठी बांधण्याचे प्रेसिंग करणारे कारखाने त्या व्याख्येत नावानिशी आहेत. म्हणून आपल्या भागातल्या बहुतेक जिनिंग मजुरांना भरपाई कायदा हाच एक आधार उरतो. त्याच आवारात सरकीचे तेल काढायची मिल असेल तर कारखाना ‘फक्त’ जिनिंगचा राहत नाही आणि गणित बदलू शकते. भावाच्या नावाने ईएसआयचा नंबर कधी निघाला होता का, एवढे आधी तपासा.

मालकाचा शेवटचा बचाव ठरलेला असतो: ‘चालू मशीनमध्ये त्यानेच हात घातला, जाळी त्यानेच काढली.’ यासाठी रेचा कसा चालतो ते समजून घ्यावे लागते. डबल रोलर रेच्यात चामड्याचे दोन रोलर स्थिर सुरीला घासून फिरतात, रुई ओढून घेतात. मधली हलती सुरी सरकीवर ठोके मारते आणि सरकी जाळीतून खाली पडते. कापूस ओला असला किंवा जास्त पडला की रोलरला गुंडाळा बसतो. नियमाने मशीन थांबवून तो काढायचा. पण रांगेत अनेक रेचे, वरून आपोआप कापूस पडतो आहे, मुकादम गाठी मोजतो आहे आणि एक रेचा थांबला की ओरडा होतो. म्हणून चालू मशीनमध्ये हाताने गुंडाळा ओढायची रीत पडते. समोरची जाळी सकाळी काढून ठेवली की हंगाम संपेपर्यंत भिंतीला टेकलेली असते. कायद्यात मालकाला सूट आहे ती कामगाराने सुरक्षेचे साधन मुद्दाम, जाणूनबुजून काढले किंवा स्पष्ट सूचना हेकेखोरपणे मोडली तर. आणि मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तीही सूट नाही. जी रीत मुकादमाच्या डोळ्यांदेखत रोज चालते तिला कामगाराचा हेकेखोरपणा म्हणता येत नाही. उलटतपासणीत एवढेच विचारायचे: जाळी किती दिवस काढलेली होती आणि ती परत लावायला कुणी, कधी सांगितले?

पण मी पाहिलेले बहुतेक दावे या बचावांवर पडत नाहीत. ते दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर पडतात.

जखमी माणसाला दवाखान्यात कोण नेते? मालकाची गाडी, सोबत मुनीम. तो बेशुद्ध किंवा वेदनेने विव्हळत असतो, घरची मंडळी गावावरून निघालेली असतात. अपघात कसा झाला हे डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात आणि केस पेपरवर लिहिले जाते: ‘शेतात कडबा कटरमध्ये हात गेला.’ किंवा ‘मोटारसायकलवरून पडला.’ पोलिसांना जाणारी सूचना याच ओळीवरून तयार होते. घरच्यांना ही ओळ माहीत होते ती वर्ष-दीड वर्षाने, विमा कंपनीचा वकील न्यायालयात ती मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा. म्हणून तुम्ही आजच दवाखान्याकडे लेखी अर्ज करून केस पेपर आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रमाणित प्रती घ्या. ती ओळ चुकीची असेल तर घाबरू नका. पण मग जास्त पुरावा लागेल. सोबतच्या पाळीतले दोघे साक्षीला तयार आहेत का, ठेकेदाराच्या वहीत नाव आहे का, मजुरी फोनपेवर आली असेल तर बँकेचा उतारा, त्या रात्रीचे कॉल, गेटवरची नोंद, मोबाईलवर कुणी काढलेले फोटो. आणि तो स्टॅम्प पेपरच पाहा. मालकानेच लिहून घेतलेल्या त्या कागदात ‘जिनिंगमध्ये काम करताना’ हात गेला आणि 60 हजार दिले, असे लिहिलेले असेल. हक्क सोडल्याचा भाग रद्दबातल. अपघात आणि नोकरी कबूल केल्याचा भाग मात्र तुमच्या बाजूचा पुरावा. त्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर न्यायालयामार्फत ती हजर करायला लावता येते.

आता दुसरा प्रश्न. न्यायालयातले दावे कमी दिसतात, त्यावरून अपघात कमी झाले असे मला अजिबात वाटत नाही. दाखल होणारा दावा हा अपघात मोजत नाही. घरच्यांना कायदा माहीत होता, कागद नीट होता, पोट भरायची सोय होती आणि मालकाच्या गावात राहूनही त्याच्याविरुद्ध उभे राहायची हिंमत होती, हे सगळे एकत्र जुळले तर दावा होतो. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली तर मालकाने 7 दिवसांत आयुक्तांना अहवाल पाठवावा असे कायदा सांगतो. तो अहवाल खेड्यातल्या जिनिंगमधून, राईस मिलमधून, दालमिलमधून किती जातो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मला दिसतो तो बदल वेगळा आहे. अपघात कारखान्याच्या आवारातून शेतात आणि रस्त्यावर सरकले आहेत. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा इथल्या जुन्या कापड गिरण्यांत हजेरीपट होता, युनियन होती, अपघात नोंदवहीत लिहिला जायचा. आता सोयाबीन-तुरीच्या हंगामात गावोगाव हडंबा (मळणीयंत्र) फिरतो; मालक एका गावचा, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, मजुरांची टोळी तिसऱ्या गावची आणि काम पोत्यामागे गुत्त्याने. दिवसा ऊन म्हणून आणि पाऊस यायच्या आत उरकायचे म्हणून रात्री अकरा-बारापर्यंत ट्रॅक्टरच्या लाइटवर मळणी चालते. माल कोंबणाऱ्याचा हात, कधी बाईच्या लुगड्याचा पदर, कधी शाफ्टमध्ये अडकलेला दुपट्टा. अशा अपघातानंतर ‘मालक कोण?’ याचेच उत्तर तिघे तीन देतात.

कायदा इथे लोकांना वाटते तेवढा मागे नाही. शेतातली कामे याच्यात बसत नाहीत हा गैरसमज मला वकिलांतही आढळतो. अनुसूची दोनमध्ये ट्रॅक्टर किंवा यांत्रिक साधनांनी होणारी शेती, यंत्राने होणारी कापणी आणि मळणी, आणि शेतात कीटकनाशक फवारणे किंवा धुरळणे, ही कामे स्पष्ट लिहिलेली आहेत. पूर्वी तात्पुरत्या मजुराला वगळणारी ओळ व्याख्येत होती; 2000 च्या दुरुस्तीत ती काढली गेली. म्हणून ‘एकाच दिवसासाठी बोलावला होता’ हे उत्तर आता पुरत नाही. टोळी हडंबावाल्याने आणली आणि मजुरी त्याने दिली असेल तर मालक तो. शेतकऱ्याने स्वतः माणसे लावून फक्त मशीन भाड्याने घेतले असेल तर जबाबदारी शेतकऱ्याकडे येऊ शकते. शंका असेल तिथे दोघांनाही पक्षकार करावे.

फवारणीबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण इथे माणसे मेली आहेत आणि कायदा असून वापरला गेलेला नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, अळीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती, बॅटरीच्या पंपाची फवार बारीक होती आणि मजूर त्या दमट ओळींतून उघड्या अंगाने चालत होते. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही औषधांवर तात्पुरती बंदी घातली आणि मृतांच्या वारसांना 2 लाखांची मदत जाहीर केली. बोलणे मदतीचे झाले. भरपाई कायद्याचे नाव फार थोड्यांनी घेतले. सरकारची सानुग्रह मदत आणि मालकाची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही.

दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करताना विषबाधा झाली तर दोन वाटा आहेत. एक, तो अपघातच आहे. दुसरी, अनुसूची तीनच्या पहिल्या भागात ऑर्गनोफॉस्फरस संयुगांची विषबाधा हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही त्याच कुळातली औषधे. अनुसूचीच्या या पहिल्या भागातल्या आजारांसाठी सहा महिने सलग नोकरीची अट नाही. पण फिप्रोनिल किंवा डायफेन्थियुरॉन त्या कुळात येत नाहीत, तिथे अपघात म्हणूनच मांडणी करावी लागते. म्हणून औषधाचा डबा आणि त्यावरचे पत्रक जपून ठेवणे अत्यंत गरजेचे. औषधे कालवलेली असतील तर सगळे डबे.

इथेही पहिला कागद घात करतो. दवाखान्यात ‘विष प्राशन’ असे दोन शब्द लिहिले गेले की पोलीस मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल करतात, गाव आत्महत्या म्हणून मोकळे होते, आणि विधवेला सिद्ध करत बसावे लागते की नवऱ्याने औषध प्यायले नव्हते, अंगावर आणि श्वासात गेले होते. भरती करतानाच घरच्यांनी डॉक्टरांना सांगावे आणि लिहून घ्यावे: कुणाच्या शेतात, किती वाजल्यापासून, कोणते औषध, पंप पाठीवर गळत होता का. रक्तातील कोलिनेस्टरेजची (ऑर्गनोफॉस्फरस विषाने घटणाऱ्या द्रव्याची) तपासणी लवकर झाली तर ती दाव्यात मोठा आधार ठरते. डॉक्टरांना ती करायला सांगा. त्या दिवसाचे कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घराबाहेर ठेवा. दुर्दैवाने मृत्यू झाला तर व्हिसेरा अहवालाचा (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या तपासणीचा) पाठपुरावा करा, तो आपोआप घरी येत नाही.

मजुराच्या घरात अजून एक चूक समज असते की, ‘गोपीनाथ मुंडे योजनेतून 2 लाख मिळतील.’ ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराला ती लागू नाही. तोच पंप, तेच औषध, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर. म्हणून भूमिहीनांसाठी भरपाई कायद्याची वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मला शेतकऱ्याच्या बाजूचीही काळजी आहे. चार एकरवाल्यावर आठ-दहा लाखांची भरपाई बसली तर त्याचे घर उठेल, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. त्याला एकच उपाय आहे, कर्मचारी भरपाईचा विमा. सर्वसाधारण विमा कंपन्या तो देतात, हप्ता मजुरीच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. हडंबावाल्याने तर तो घेतल्याशिवाय मशीन गावात आणूच नये, असे ग्रामसभेने सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॅक्टरचा विमा आहे एवढ्यावर विसंबू नका. ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून विमा काढलेला आणि चालतो भाड्याने, ट्रॉलीचा वेगळा विमा नाही, मजूर मडगार्डवर बसलेले, या तिन्ही ठिकाणी कंपनी हात झटकते आणि बहुतेक वेळा सुटते. विमा असला तरी उशिराचा दंड मालकाच्याच खिशातून जातो.

आणि मशीन विकत घेताना, भाड्याने बोलावताना माल टाकायचा घमेला पाहा. भारतीय मानकाप्रमाणे तो किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातला निम्मा, 45 सेंटिमीटर, वरून झाकलेला हवा. त्यामुळे माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. गावात येणाऱ्या कितीतरी मशीनचा घमेला कापून आखूड केलेला असतो, कारण माल लवकर कोंबता येतो. तो टेपने मोजायला मिनिटभर लागते. शाफ्टवर झाकण आहे का तेही बघा. फवारणीसाठी डब्यावरचा त्रिकोण पाहा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचे औषध रोजाच्या माणसाला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे न देता फवारायला लावणे हे कीटकनाशक नियमांच्या विरुद्ध आहे आणि न्यायालयात ते मालकाच्या अंगाशी येते. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत पाठीवरचा पंप घेऊन माणूस पाठवूच नये.

नव्या कायद्याबद्दल थोडक्यात. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात सामावला गेला. भरपाईचा गाभा तसाच आहे. एक चांगली गोष्ट स्पष्ट लिहिली गेली: घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ-जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरला जाईल. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात जुन्या कायद्याचाही असाच अर्थ लावला होता. तो पहाटेच्या पाळीला निघाला असताना वाटेत अपघातात मरण पावला. पिकअपमध्ये कोंबून वेचणीला नेल्या जाणाऱ्या बायांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. दुसरीकडे, सुरक्षेच्या नव्या संहितेत कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 आणि विजेशिवाय 40 कामगारांपासून सुरू होते. लहान जिनिंग, दालमिल, भाताच्या गिरण्या तपासणीच्या कक्षेबाहेर जातील ही माझी भीती आहे. मात्र भरपाईसाठी कामगारांची संख्या मोजावी लागत नाही, हे लक्षात ठेवा.

तुमच्या भावासाठी वेळ आहे, पण फार नाही. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे जानेवारी 2027. उशीर माफ होतो, पण त्यावर अवलंबून राहू नका. दावा अपघात झाला त्या भागातल्या किंवा भाऊ राहतात त्या भागातल्या आयुक्तांकडे करता येतो. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहतात, ते नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, वकील मोफत मिळतो. कामगार म्हणून त्यांना तो हक्क आहे. निकाल लागला की रक्कम आयुक्तांकडे जमा होते आणि तिथून खात्यात येते. ‘टक्क्यावर’ काम करतो म्हणणाऱ्या दलालाला मधे घेऊ नका.

जाताना दवाखान्याचे सगळे कागद, अपंगत्व प्रमाणपत्र, आधार, वयाचा दाखला, बँकेचा उतारा आणि असेल तर स्टॅम्प पेपरची प्रत न्या. मूळ केस पेपर मात्र कुणाच्याही हातात देऊ नका, मालकाच्या माणसाच्या तर नाहीच, झेरॉक्स द्या.